प्रतिक्रियेला उत्तर: बाली भाषा संस्कृतची लेक आहे का?

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तेव्हा दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून सटकणं बरं दिसणार नाही. इतर वाचकांसाठी थोडक्यात: बाली बेटावरच्या भाषेत झाडं, शरीर आणि धर्मविधी यांना काय काय शब्द आहेत, यावर मी लिहिलं होतं. त्यात संस्कृतचं ऋण मी हात राखून सांगितलं, असा तुमचा आक्षेप आहे. तीर्थ, यज्ञ, सूर्य, पितर सोडून येह (पाणी), बिउ (केळं), बतिस (पाय) असले 'किरकोळ' शब्द कशाला चघळत बसलात, असं तुम्ही विचारता. शब्दकोश उघडला की निम्मे शब्द आपलेच निघतात, मग बालीला संस्कृतची लेक म्हणायला हरकत काय? शिवाय 'यद्न्य' का लिहिलं, सरळ 'यज्ञ' का नाही?

हरकत आहे, आणि ती त्या किरकोळ शब्दांमुळेच आहे.

भाषेचं कूळ ठरवताना देवळातले शब्द बघत नाहीत. ते प्रवास करतात. हात-पाय, पाणी, आकडे, घराभोवतीची झाडं हे शब्द सहसा जागचे हलत नाहीत. बालीत लिमा म्हणजे पाच आणि लिमा म्हणजेच हात. तिकडे पॅसिफिकमध्ये हवाईच्या भाषेतही लिमाचे हेच दोन्ही अर्थ आहेत. बाली ऑस्ट्रोनेशियन कुळातली आहे, म्हणजे मलय, जावीपासून हवाईपर्यंत पसरलेल्या भाषांच्या कुळातली. तिची जवळची भावंडं म्हणजे शेजारच्या लोंबोकची सासाक आणि त्यापलीकडच्या सुंबावाची भाषा. संस्कृत तिच्या घरी पाहुणी म्हणून आली, तीही बरीचशी जुन्या जावी भाषेचं बोट धरून. त्या भाषेचं नाव 'कवी'.

शब्दकोशाचं म्हणाल तर तुम्ही कुठला उघडलात त्यावर अवलंबून आहे. सगळ्यांत गाजलेला कोश डच भाषाशास्त्रज्ञ व्हान डेर टूक यांचा. हा माणूस 1870 पासून बालीत सिंगराजा या शहराजवळ राहिला, 1894 मध्ये वारला, आणि त्याचा चार खंडी कोश 1897 ते 1912 या काळात छापून झाला. पण त्याचं नावच 'कवी-बाली-डच' कोश असं आहे. ताडपत्रांवरच्या काव्यातले शब्द आणि बाजारातले शब्द त्यात एका पंगतीला बसलेत. त्यावरून टक्केवारी काढणं म्हणजे ज्ञानेश्वरीची शब्दसूची आणि भाजीवाल्याचं बोलणं एकत्र मोजण्यासारखं झालं.

आता मुख्य मुद्दा. बालीत कोण कोणाशी बोलतंय त्यावर शब्द बदलतो. घरच्यांशी, मित्रांशी बोलायचे शब्द वेगळे. पुरोहिताशी, वरच्या वर्णातल्या माणसाशी किंवा अनोळखी वडीलधाऱ्याशी बोलायचे वेगळे, त्यांना 'आलुस' म्हणतात. पाणी घरात येह, आदराने तोय. इथे तुम्ही टाळी वाजवाल, कारण तोय संस्कृत आहे. जरा थांबा. केळं घरात बिउ, आदराने पिसांग, आणि पिसांग हा मलय भाषेतला अगदी रोजचा शब्द आहे. हात घरात लिमा, आदराने तांगान, तोही मलयमध्ये साधाच. दात घरात गिगी, आदराने उन्तु. जावाच्या साध्या बोलीत उन्तु म्हणजे नुसते दात, त्यात आदरबिदर काही नाही. म्हणजे बाहेरून आलेला शब्द वरच्या पायरीवर जाऊन बसतो, मग तो गंगेकाठचा असो की मलय व्यापाऱ्याच्या होडीतला. संस्कृत तिथे वर दिसते म्हणून ती मूळ ठरत नाही.

पायाचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. स्वतःचा पाय बतिस, मान्यवरांचा चोकोर. बालीतल्या उबुद गावच्या राजघराण्यातले पुरुष 'चोकोर्दा' म्हणवतात, म्हणजे 'चोकोर इ देव', देवाचे पाय. आपण 'चरणी' म्हणतो तोच भाव, पण यातला पाय त्यांचा आणि फक्त देव आपला.

'किरकोळ' शब्दांवर मी का अडलो ते आता सांगतो. बालीत मानतात की मूल एकटं जन्मत नाही, त्याच्याबरोबर चार भावंडं येतात. त्यांना 'कांद पात' म्हणतात. ही भावंडं कोण? येह ञोम म्हणजे गर्भजल, गेतिह म्हणजे रक्त, लामास म्हणजे बाळाच्या अंगावरचा पांढरा लेप, आणि आरी-आरी म्हणजे वार. वार धुऊन नारळात ठेवतात, पांढऱ्या कापडात गुंडाळतात आणि घराच्या दाराशी पुरतात, मुलाची उजवीकडे, मुलीची डावीकडे. या चारही नावांत संस्कृतचा मागमूस नाही. पण हीच भावंडं पुढे माणसाची राखणदार होतात आणि मग त्यांची नावं बदलतात: अंगपती, प्रजापती, बनस्पती, बनस्पती राजा. अंगातून बाहेर पडताना देशी नाव, देवत्व मिळालं की संस्कृत नाव. आणि बनस्पती म्हणजे वनस्पती नव्हे! तो रक्षण करणारा, प्रसंगी भिववणारा आत्मा आहे. मिरवणुकीत नाचणारा केसाळ बारोंग हाच बनस्पती राजा. 'आपला' शब्द म्हणून तुम्ही त्याच्याकडे गेलात तर तुळस किंवा पिंपळ मनात धरून जाल, आणि समोर सुळे काढलेला मुखवटा येईल. तसे मुखवटे पुले नावाच्या झाडाच्या लाकडातून कोरतात. पुले म्हणजे आपली सातवीण. झाड दोन्हीकडे आहे, नावं मात्र आपापली.

यज्ञाचंही तसंच. बालीचे पाच यद्न्य आणि आपल्या स्मृतींमधले पंचमहायज्ञ यांची नावं बरीचशी जुळतात. आपल्याकडे मनुष्ययज्ञ म्हणजे अतिथीला जेवू घालणं. बालीत मनुस यद्न्य म्हणजे माणसाचे जन्मापासूनचे संस्कार. त्यातलाच एक दात घासण्याचा. साधं नाव मेसांगिह, आदराने मेपान्देस. वयात आलेल्या मुलामुलींचे वरचे सहा दात, चार पुढचे आणि दोन सुळे, कानशीने थोडे घासून सारखे करतात. सहाच का? तर सद रिपु, म्हणजे षड्रिपू. काम, क्रोध, लोभ सगळे हजर. आपल्याकडे षड्रिपू कीर्तनात भेटतात, कानस घेऊन त्यांच्या मागे कोणी लागत नाही. यात 'कर्ज' कोणाचं आणि 'घर' कोणाचं, तुम्हीच ठरवा.

झाडांचा सण तुम्ही 'वृक्षपूजनाची आपलीच परंपरा' म्हणून एका ओळीत निकालात काढलात. 210 दिवसांच्या बाली पंचांगात गालुंगान या मोठ्या सणाच्या 25 दिवस आधी, शनिवारी, तुम्पेक वारिगा येतो. झाडाला खिरीसारखी पेज, म्हणजे बुबुह, देतात, म्हणून त्याला तुम्पेक बुबुहही म्हणतात. मालक खोडावर कोयत्याच्या पात्याने टकटक करतो आणि झाडाशी बोलतो: 'काकी काकी, दादोंग दिजा?' काकी म्हणजे इथे आजोबा, गोंधळू नका. आजोबा, आजी कुठाय? उत्तरही तोच देतो: आजी घरी आहे, आजारी आहे, तापाने ङेतोर, म्हणजे थरथरतेय. (शब्दाच्या सुरुवातीला ङ लिहायची संधी मराठीत कुठे मिळते!) आणि मग ङेतोरला जोडून ङेएद, ङेएद, ङेएद. ङेएद म्हणजे फळांनी लगडणं. गालुंगानला फळं हवीत, तेव्हा लगड बाबा. यात मंत्र नाही, पुरोहित नाही, आलुस शब्द नाही. झाडाशी घरच्या भाषेत बोलतात. हे 'किरकोळ' शब्द वगळले तर त्या सणातलं नेमकं काय उरेल?

संस्कृतने बालीला काही दिलंच नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही. साधं येह वेगळं आणि मंत्राने पवित्र झालेलं तीर्त वेगळं. तीर्त तीन वेळा पितात, डोक्यावर शिंपडतात, आणि तिथल्या धर्मालाच एके काळी 'आगम तीर्त' म्हणत. हा शब्द काढून घेतला तर बाली धर्माची निम्मी भाषा मुकी होईल. पण ताबाननच्या किनाऱ्यावर एका गावाचं नाव येह गंगा आहे. गंगेच्या आधीही ते येहच लावतात.

'यद्न्य' हे माझं अशुद्धलेखन नव्हे. ते लोक रोमन लिपीत तसंच लिहितात आणि तसाच उच्चार करतात. आपणही ज्ञ चा उच्चार द्न्यच करतो की, हिंदीवाल्यांसारखा ग्य नाही. यावर कोणी सिद्धांत रचू नये, एवढी विनंती.

शेवटी तुम्ही विचारलंत की नैवेद्यातला चाफा कुठला. बालीत सगळीकडे दिसतो तो जेपुन, म्हणजे आपला देवचाफा. तो मूळचा अमेरिकेचा. झेंडूही तिकडचाच, त्याला मितिर म्हणतात. तेरडा म्हणजे पाचार गालुह, जास्वंद म्हणजे पुचुक. आणि सोनचाफा तिथे चेम्पाका. हा थेट चंपक, तो खुशाल तुमच्या खात्यात धरा.