काढलंत ना? मग जाहीर पंचनामा कशाला?

कंपनीने एखाद्या ऑनलाइन कलाकाराशी करार मोडला की प्रत्यक्षात दोन गोष्टी घडतात आणि आपण त्या एकच धरून चालतो. एक म्हणजे करार संपतो. दुसरी म्हणजे तो का संपला हे कंपनी जगाला सांगते. पहिलीचा अधिकार बहुतेक वेळा करारात लिहिलेला असतो. दुसरीचा कुठून आला, हे कुणी विचारतच नाही. माझं भांडण या दुसऱ्या गोष्टीशी आहे.

५ फेब्रुवारी २०२४ ला जपानच्या एनीकलर कंपनीने निजिसांजी या आपल्या व्हीट्यूबर समूहाच्या इंग्रजी शाखेतल्या सेलेन तात्सुकीबरोबरचा करार संपवल्याचं जाहीर केलं. (ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: पडद्यावर अ‍ॅनिमेटेड पात्र असतं, मागे खराखुरा माणूस. आवाज, हालचाल, हजरजबाबीपणा त्या माणसाचा. पात्र बहुधा कंपनीच्या मालकीचं.) निवेदन दोन ओळींत आटोपलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. पण त्यात कारणांची जंत्री होती. परवानग्या पूर्ण नसताना व्हिडिओ टाकला, वारंवार नियम मोडले, सोशल मीडियावर दिशाभूल करणारी विधानं केली, असं बरंच काही. काही तासांत त्या कलाकाराने डोकीबर्ड या स्वतःच्या स्वतंत्र नावाने आपली बाजू मांडली: छळ झाला, आधार मिळाला नाही, रुग्णालयात जावं लागलं. लगोलग कंपनीने गुंतवणूकदारांना कळवलं की या घडामोडीचा आर्थिक निकालांवरचा परिणाम नगण्य असेल. तो कागद गुंतवणूकदारांसाठी होता, पण वाचला चाहत्यांनी. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. साधारण आठवडाभराने कंपनीच्या अध्यक्षांना माफीचा व्हिडिओ काढावा लागला.

यात खरं कोण बोललं हा निवाडा मी करणार नाही. मुद्दा असा की ज्या दिवशी ते निवेदन प्रसिद्ध झालं, त्या दिवशी करारभंगाच्या वादाशेजारी बदनामीचा दुसरा वाद उभा राहू शकतो, आणि पहिल्यात कंपनी जिंकली म्हणून दुसऱ्यातही जिंकेलच असं नाही.

इथे बऱ्याच जणांचा समज असतो की "खरं आहे ना? मग बदनामी कसली?" जपानच्या दंडसंहितेचं कलम २३० नेमकं उलट सांगतं. जाहीरपणे सांगितलेली गोष्ट खरी असो वा खोटी, तिने कुणाची अब्रू जात असेल तर तो गुन्हा होऊ शकतो. सुटकेची वाट पुढच्या तरतुदीत आहे, पण तिथे विषय सार्वजनिक हिताचा होता, हेतू लोकहिताचा होता आणि गोष्ट खरी होती, हे तिन्ही दाखवावं लागतं. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही नुसत्या सत्यावर भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हे सिद्ध करावं लागतं. आता विचार करा, एका गाण्याच्या व्हिडिओला सगळ्या परवानग्या होत्या की नव्हत्या यात कोणतं लोकहित आलं? तो दोन सह्यांमधला व्यवहार आहे.

कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं की आम्ही शेअर बाजारात आहोत, आम्हाला सांगावंच लागतं. अर्धं बरोबर आहे. करार संपला आणि त्याचा उत्पन्नावर किती परिणाम होईल, हे गुंतवणूकदाराला कळायला हवं. कलाकाराने अंतर्गत संभाषणात कुणाला काय म्हटलं, हे कळून त्याचा कुठला हिशोब सुटणार आहे?

यापेक्षा मला जास्त खुपते ती असमान लढाई. करार संपतो त्या क्षणी चॅनेलचं लॉगिन जातं. पात्राचं नाव जातं. लाखो अनुयायांचं खातं कंपनीच्या हातात राहतं आणि आरोपाचं निवेदनही त्याच हातातून येतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याने "ती मीच" असं म्हणायचं ठरवलं तरी अडचण, कारण अशा करारांत गोपनीयतेचं कलम करार संपल्यावरही चालू राहतं. उत्तर दिलं तर नवा करारभंग, नाही दिलं तर लोक म्हणणार, मौन म्हणजे कबुली. कोर्टात जायचं तर अर्जावर खरं नाव आलं, आणि वर्षानुवर्षं जपलेलं निनावीपण एका अर्जासरशी संपायची भीती. कंपनीच्या वकिलांना हे ठाऊक नसतं असं मी मानत नाही.

"आम्ही तर पात्राबद्दल बोललो, माणसाचं नाव कुठे घेतलं?" हा बचाव मात्र आता पातळ झाला आहे. ओसाका जिल्हा न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केलं की व्हीट्यूबरला उद्देशून केलेला अपमान त्यामागच्या व्यक्तीचा अपमान ठरू शकतो. तो खटला एका अनोळखी टीकाकाराची ओळख मिळवण्यासाठीचा होता, पण तर्क पुढे नेला तर कंपनीलाही लागू व्हायला हवा. आवाज आणि व्यक्तिमत्त्व ज्याचं, अब्रूही त्याचीच.

सेलेनच्या प्रकरणातली आणखी एक गोष्ट. निजिसांजीतल्या तीन सहकाऱ्यांनी एका थेट प्रक्षेपणात, डोकीबर्डकडून कंपनीकडे आलेल्या कागदपत्रांतल्या मजकुराबद्दल भाष्य केलं. वाद मिटवण्यासाठी दोन बाजूंमध्ये जे कागद फिरतात ते त्या दोन बाजूंपुरतेच राहतील, या भरवशावरच लोक मोकळेपणाने लिहितात. तो भरवसा गेला की पुढचा कलाकार वाटाघाटीच्या कागदात काही लिहिण्याआधी दहादा विचार करील. आणि त्या तिघांचं तरी त्यातून काय भलं झालं? लोकांचा सगळा राग त्यांच्या अंगावर गेला.

मग गप्प बसावं का? इतकं सोपं नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला जपानच्याच कव्हर कंपनीने होलोलाइव्ह या आपल्या व्हीट्यूबर समूहातल्या उरुहा रुशियाचा करार संपवला, तेव्हाचं निवेदन त्या मानाने आटोपशीर होतं. बाहेरच्यांना माहिती फोडली, हा त्यातला मुख्य आरोप. पण नेमकं काय, कुणाला, हे मोकळंच राहिलं आणि ती रिकामी जागा इंटरनेटने आपल्या परीने भरली. तोकडा आरोपही आरोपच असतो. उलट त्यात ठोस काही नसल्याने तो खोडायचा तरी कसा, हा प्रश्न उरतो.

आणि पूर्ण मौनाचंही उदाहरण आहे. थेट प्रक्षेपणाचा मंच असलेल्या ट्विचने जून २०२० मध्ये डॉक्टर डिसरिस्पेक्ट या आपल्या मोठ्या स्ट्रीमरवर बंदी घातली आणि कारण सांगितलंच नाही. त्याने दावा लावला, मार्च २०२२ मध्ये कुणीही चूक कबूल न करता तडजोड झाली. जून २०२४ मध्ये त्याने स्वतःच लिहिलं की २०१७ मध्ये एका अल्पवयीन व्यक्तीशी झालेले संदेश काही वेळा अनुचिततेकडे झुकले होते. बेकायदेशीर काही घडलं नाही, असंही त्याचं म्हणणं. म्हणजे जिथे प्रेक्षकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता तिथे चार वर्षं शांतता, आणि जिथे परवानगीच्या कागदांचा प्रश्न होता तिथे सविस्तर जाहीरनामा. माझ्या मते रेषा इथेच ओढायला हवी. प्रेक्षकाला धोका असेल तर बोला, शक्य तर आधी संबंधित यंत्रणेकडे बोला. नसेल तर तारीख सांगा आणि थांबा.

जपानमध्ये १ नोव्हेंबर २०२४ पासून फ्रीलान्सर लोकांसाठीचा नवा कायदा लागू झाला आहे. सहा महिने किंवा त्याहून जास्त मुदतीचं काम संपवायचं तर किमान ३० दिवस आधी कळवायचं, आणि फ्रीलान्सरने विचारलं तर कारण सांगायचं. अपवाद आहेत, गंभीर चूक कलाकाराचीच असेल तर मुदत लागू होत नाही. पण कारण कुणाला सांगायचं ते बघा. ज्याला काढलं त्याला. जगाला सांगा असं कायदा म्हणत नाही.

नंतरच्या कामावरच्या बंदीबाबत न्यायालयं बऱ्यापैकी कलाकाराच्या बाजूची दिसतात. डिसेंबर २०२२ मध्ये जपानमध्ये एकाच महिन्यात दोन निकाल आले. टोकियोत गायिका आइउची रिनाला तिचं रंगमंचावरचं नाव वापरण्यापासून रोखण्याची एजन्सीची मागणी फेटाळली गेली. आणि फेस्ट व्हँकर या बँडच्या प्रकरणात करारानंतर सहा महिने कामच करायचं नाही, हे कलम रद्दबातल ठरलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर २००६ मध्येच झहीर खान प्रकरणात करार संपल्यावरही क्रिकेटपटूला बांधून ठेवणारं कलम करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही असं म्हटलं होतं. व्हीट्यूबरला मात्र नावाच्या निकालाचा फारसा उपयोग नाही, कारण पात्र, चित्र, नाव सगळं कंपनीने घडवलेलं आणि तिच्याच मालकीचं. बरोबर नेता येतो तो फक्त आवाज आणि लोकांच्या मनातली पत. म्हणून तर त्या पतीवर घाव घालणारं निवेदन इतकं महागात पडतं.

कंपनीचं नुकसानही कमी नाही. घोषणा होईपर्यंत दोघांकडे देण्याघेण्यासारखं काहीतरी असतं. थकलेलं मानधन, अर्धवट गाणी, विक्रीला ठेवलेल्या वस्तू, निरोपाचं एखादं स्ट्रीम. एकदा लेखी आरोप छापला की कंपनीला त्यावर ठाम राहावंच लागतं, मागे सरकलं तर निवेदनच खोटं ठरतं. तडजोड करणारा वकील सर्वांत आधी ही वाट मोकळी ठेवतो, आणि प्रसिद्धी विभाग सर्वांत आधी ती बंद करतो.

नव्याने एजन्सीशी सही करणाऱ्यांना मी मानधनाच्या टक्क्यांआधी शेवटची पानं वाचायला सांगेन. करार संपल्यास निवेदनाचा मजकूर दोन्ही बाजूंनी लेखी मान्य करायचा, एकमत झालं नाही तर फक्त करार संपल्याची तारीख जाहीर करायची, आणि कंपनीने त्यापुढे काही लिहिलं तर तेवढ्या मुद्द्यापुरतं गोपनीयतेचं बंधन कलाकारावरूनही उठेल, असं कलम मागा. तिसरा भाग कंपनीचे वकील सर्वांत आधी खोडतील. तोच धरून बसा.