मिठागरातला जीव राहिलाच की!

‘पुन्हा पुन्हा वापरता येणारं होलोग्रामचं माध्यम म्हणजे लिथियम नायोबेटचा स्फटिक’, हे होलोग्रामवरच्या (म्हणजे लेसरच्या उजेडानं टिपलेल्या त्रिमितीय चित्रांवरच्या) लेखातलं वाक्य खटकलं, जणू दुसरं माध्यमच नाही. आणि बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन? खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवाचं हे जांभळं प्रथिन १९७१ पासून माहीत आहे. हिरवट-पिवळ्या उजेडात ते पिवळं पडतं, त्यातून चित्र उमटतं. निळा उजेड टाकला की परत जांभळं, पाटी कोरी. चित्र टिकत नाही ही खोट आहेच, मूळ प्रथिनात तर सेकंदाचा काही अंशच. आमच्या शिरोड्याच्या मिठागरात मे महिन्यात आटत आलेलं पाणी गुलाबट दिसतं, ते याच गोतावळ्यामुळे. (तो गुलाबी रंग मात्र बहुतेक दुसऱ्याच रंगद्रव्यांचा, हे आधीच सांगून टाकतो.)

कॉलेजात आम्ही डायक्रोमेट (जिलेटिनवर उजेडाचा परिणाम व्हावा म्हणून घालायचं रसायन) घातलेलं जिलेटिन काचेवर लेपून होलोग्राम काढायचो. जुलैत एक शंख झकास उतरला होता. वर दुसरी काच ठेवून कडा बंद करायच्या राहिल्या, आणि गणपती येईपर्यंत कोकणातल्या दमट हवेनं शंख गिळला! पुसलं गेलं खरं, पण त्याच काचेवर पुन्हा काही उमटवता येईना.