पहाटे चारचा नळ

आज दुपारी फोर्टातल्या एका सभागृहात निर्वासितांच्या छावण्यांमधील पाणी, शौचालये आणि स्वच्छतेसाठी दिलेल्या मदतीच्या मूल्यमापनाचे सादरीकरण ऐकले. हे हार्बरच्या गाडीत बसून लिहीत आहे, कारण घरी पोहोचेपर्यंत राग निवला तर लिहायचे राहून जाईल. संस्था कोणती आणि छावणी कोणती हे मी सांगणार नाही, कारण हेच सादरीकरण मी गेल्या पंचवीस वर्षांत निरनिराळ्या संस्थांच्या तोंडून ऐकलेले आहे. पडद्यावर छावणीचा नकाशा होता आणि त्यावर हिरवे ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक चालू नळ किंवा वापरात असलेले एक शौचालय. ठिपके मोजून झाले, लाभार्थ्यांची संख्या सांगून झाली, टाळ्याही झाल्या. मी हात वर करून एवढेच विचारले, की या नळांची पाहणी दिवसाच्या कोणत्या वेळी केली होती. सादर करणाऱ्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितले, की संस्थेच्या माणसांना संध्याकाळच्या आत छावणीबाहेर पडावे लागते, म्हणून सकाळी दहा ते दुपारी तीन. त्यावर अध्यक्षांनी पुढचा प्रश्न घेतला.

सकाळी दहा ते दुपारी तीन! ज्या बाईने आयुष्यात कधी सार्वजनिक नळावर पाणी भरले आहे, तिला या उत्तरात काय दडले आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही. मला मात्र ते बावीस वर्षांची असताना शिकावे लागले होते.

समाजकार्याचे शिक्षण चालू होते आणि मानखुर्दच्या बाजूला, घरे हलवून तात्पुरत्या वसवलेल्या एका वसाहतीत आम्हाला सर्वेक्षणाला पाठवले होते. हातात पॅड, पॅडवर छापील तक्ता. मी सहा नळ मोजले. तोट्या जागेवर होत्या म्हणून सहाही रकान्यांत ‘चालू’ अशी खूण केली, आणि मग शौचालयाची दहा दारे मोजून तिथेही दहा लिहिले. दुपारचे बारा वाजले होते. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या एक मावशी बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “पोरी, बारा वाजता नळ मोजतेस होय? पहाटे चारला ये.” मी चेंबूरला मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी खरोखर चारला गेले. सहांपैकी चार नळांपुढे कोणीच नव्हते. रांग होती ती उताराकडच्या दोन नळांपुढे, आणि त्या रांगेत माणसे थोडी नि नंबरासाठी ठेवलेले डबे, फुटके हंडे आणि विटा जास्त. मावशींनी तोटी उघडली आणि वाकून तिला कान लावला. आत नुसती हवा फुसफुसत होती. “येतंय,” त्या म्हणाल्या. मग करंगळीएवढी धार आली. वरच्या चार नळांपर्यंत पाण्याचा दाब पोहोचतच नव्हता. पन्नास मिनिटांनी तीही धार तुटली, आणि वीट ठेवून गेलेल्या तीन बायकांना रिकाम्या हंड्यानिशी परत जावे लागले.

माझ्या तक्त्यात मात्र सहा नळ चालू होते.

छावण्यांसाठी जगभर जी किमान मानके वापरली जातात, त्या स्फिअरच्या मानकांत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, घरापासून ५०० मीटरच्या आत नळ, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त वेळ जाऊ नये आणि एका नळामागे २५० माणसे असे सांगितलेले आहे. यातला शेवटचा आकडा प्रत्येक अहवालात सापडतो. त्या आकड्यामागे मिनिटाला साडेसात लिटर धार गृहीत धरलेली आहे, ही गोष्ट मात्र अहवाल लिहिणारे विसरतात. साधा हिशेब करून पाहा. अडीचशे माणसांना पंधरा लिटरप्रमाणे ३,७५० लिटर पाणी लागते आणि साडेसात लिटरच्या धारेने ते भरायला ५०० मिनिटे, म्हणजे आठ तासांहून अधिक वेळ लागतो. नळ दिवसाचे आठ तास पूर्ण दाबाने वाहिला तरच तो अडीचशे माणसांचा नळ. पन्नास मिनिटे करंगळीएवढा वाहणारा नळ किती माणसांचा, याचे उत्तर आजच्या हिरव्या ठिपक्यात नव्हते, आणि ते कोणी मागितलेही नाही.

आकडे हवेत, हे मला मान्य आहे. १९९४ च्या जुलैमध्ये रवांडातून निघालेले लाखो लोक शेजारच्या झाईरमधील (आजच्या काँगोतील) गोमा येथे ज्वालामुखीच्या कठीण खडकावर येऊन बसले. तिथे खड्डा खणता येईना, विहीर पाडता येईना. लोकांनी किवू सरोवराचे पाणी तसेच प्यायले, आणि पटकी (कॉलरा) नि हगवणीने पहिल्या महिनाभरात सुमारे ५० हजार माणसे गेली. मदत करणाऱ्या संस्था तिथे पुष्कळ होत्या, पण किती पाणी म्हणजे पुरेसे यावर त्यांच्यात एकवाक्यता नव्हती. त्या मदतीचे जे संयुक्त मूल्यमापन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याने मदतकर्त्यांचे दोष स्पष्ट शब्दांत मांडले आणि त्यातून पुढे ही किमान मानके तयार करण्याच्या कामाला जोर आला. म्हणजे मूल्यमापनाने माणसे वाचू शकतात. म्हणूनच मला आजच्या टाळ्यांचा इतका संताप आला. ज्या कामाचा जन्म पन्नास हजार मृत्यूंच्या हिशेबातून झाला, ते काम आता देणगीदाराला प्रमाणपत्र देण्यापुरते उरावे काय?

शौचालयांबद्दल तर मला अधिकच बोलायचे आहे. मावशी पाणी भरून झाल्यावर मला वसाहतीच्या टोकाला घेऊन गेल्या. मी मोजलेल्या दहा दारांपैकी चारांना कुलूप होते आणि तीन आतून तुंबलेली होती. उरलेल्या तिन्हींपैकी एकाच दाराची कडी लागत होती. बायका दोघी-दोघीने येत होत्या. एक आत गेली, की दुसरी पाठीने दार धरून उभी राहत होती. दिवा नव्हता. मावशींनी मला सांगितले, की त्या संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाहीत. माझ्या आजीने आजारपणात पथ्य सांगावे, तितक्या साधेपणाने त्यांनी ते सांगितले.

हे वाक्य मी पुढे पुन्हा पुन्हा वाचले. २०१७ च्या ऑगस्टनंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. कुतुपालोंगच्या टेकड्यांवर बघता बघता बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. तिथल्या बायकांबद्दलही हेच लिहिलेले आहे, की रात्री अंधारात शौचालयापर्यंत जावे लागू नये म्हणून त्या खाणेपिणे कमी करतात आणि आंघोळ झोपडीतच आडोसा करून उरकतात. सुरुवातीच्या घाईत शौचालये आणि उथळ कूपनलिका इतक्या जवळजवळ खणल्या गेल्या, की मैल्याचा अंश पाण्यात उतरला. पुढे कित्येक खड्डे भरले आणि चढावर मैला उपसणारी गाडी पोहोचेना. भरलेला खड्डा मोजणीत मात्र शौचालयच राहतो. वीस माणसांमागे एक शौचालय हे मानक अशा रीतीने कागदावर पूर्ण होते, आणि संध्याकाळी सहानंतर पाणी न पिणारी बाई कुठल्याच रकान्यात बसत नाही.

घाईत चुका होतात आणि सात लाख माणसे काही महिन्यांत येऊन उभी राहिल्यावर कोणाचीही त्रेधा उडेल, हे मी नाकारत नाही. पण चूक होणे वेगळे आणि वर्षभराने तिची पाहणी करताना ती न दिसणे वेगळे.

पाण्याच्या शुद्धतेचेही तसेच. नळाच्या तोंडाशी क्लोरीन लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मिळाले, की रकाना हिरवा होतो. ते पाणी उघड्या हंड्यातून घरी जाते, रात्रभर राहते, त्यात मुलांचे हात आणि पेले बुडतात, आणि सकाळपर्यंत क्लोरीन उडून गेलेले असते. पोटात जाते ते हंड्यातले पाणी. तपासायचे असेल तर हंड्यातले तपासा, आणि तेही भरल्यानंतर काही तासांनी. हात धुण्याचे पाहायचे असेल तर ‘हात धुता का’ असे विचारू नका, कारण त्याला नाही म्हणणारा माणूस जन्माला यायचा आहे. शौचालयापाशी पाणी आणि साबण आहे का, ते जाऊन पाहा. यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत, लोकांच्या घरात जाऊन बसण्याची तयारी लागते.

आणि आता ज्या गोष्टीने माझा तोल खरोखर गेला, ती सांगते. आजूबाजूच्या गावांविषयी संपूर्ण सादरीकरणात एक ओळ होती : ‘स्थानिक समुदायालाही लाभ झाला.’ किती, कोणाला, कशाच्या बदल्यात, यातले काहीच नाही. कॉक्स बाजारमधल्या उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत आज स्थानिकांपेक्षा निर्वासितांची संख्या जास्त आहे. टेकनाफमध्ये मुळातच जमिनीखाली पाणी सहजी लागत नाही. तिथल्या गावकऱ्यांच्या विहिरी उतरल्या, मजुरी घसरली, जंगल तुटले. जॉर्डनमध्ये झातारीच्या छावणीत कित्येक वर्षे सुमारे ८० हजार सीरियन राहत होते. शेजारच्या मफ्रकमधले लोक आठवड्यातून एकदा येणारे पाणी गच्चीवरच्या टाक्यांत साठवून दिवस काढतात. छावणीच्या कुंपणाबाहेरून टँकर जाताना पाहणाऱ्या बाईच्या मनात काय येत असेल, हे मुंबईत बसून ओळखणे अवघड नाही. आपल्याला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही.

युगांडाने यासाठी एक नियम केला. निर्वासितांसाठी आलेल्या मदतीचा सुमारे ३० टक्के वाटा त्यांना आसरा देणाऱ्या स्थानिक लोकांसाठी खर्च व्हावा, असे तिथले धोरण आहे. ते सगळीकडे नीट पाळले जाते असे मी म्हणणार नाही. पण निदान त्या गावाचा वाटा किती, हे विचारण्याची सोय तरी झाली. ज्या मूल्यमापनात कुंपणाबाहेरच्या नळाची पाहणी होत नाही, ते माझ्या लेखी अर्धे आहे.

निर्वासित म्हणजे कोणी दूरचे लोक असेही नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांचे उल्हासनगर झाले आणि तिथली माणसे आजही ‘कॅम्प नंबर चार’ असाच पत्ता सांगतात. शीव-कोळीवाड्याला पंजाबी आले. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांच्याकडे शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पटकीच्या रुग्णांना तोंडाने पाजायला त्यांच्या नातेवाइकांनाच शिकवले. मृत्यूचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. त्यांनी मोजले ते किती माणसे जगली हे. पाकिटे किती वाटली, या आकड्यावर ते थांबले नाहीत.

गाडी आता कुर्ल्याच्या पुढे आली आहे आणि माझा आवाज जरा खाली आला आहे. सभा संपल्यावर ती सादर करणारी मुलगी जिन्यात माझ्यासाठी थांबली होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. तिने सांगितले, की वेळेचा रकाना तक्त्यात घालावा असे तिला स्वतःलाच वाटले होते, पण तक्ता वरून ठरून आला होता. मी सभागृहात तिच्यावर जरा जोराने बोलले, याचे मला वाईट वाटले. दोष तिचा नाही. मलाही तक्ता वरूनच आला होता. मावशींनी त्या पहाटे निघताना विचारले होते, “लिहिलंस का सगळं?” मी हो म्हणाले होते. वेळ, दाब, कुलपे, दार धरून उभी राहिलेली बाई, हे सगळे मी पेन्सिलीने समासात लिहिले होते. अहवाल टंकलिखित झाला, तेव्हा समासातले काहीच त्यात आले नाही. सहा नळ आणि दहा शौचालये तेवढी आली. मी तेव्हा भांडले नाही आणि मावशींना ते सांगायलाही परत गेले नाही.

त्या मुलीला मी शनिवारी घरी बोलावले आहे. तिच्या पुढच्या पाहणीचा तक्ता अजून पक्का झालेला नाही आणि तिला त्यात पाच प्रश्न घालण्याची मुभा मिळू शकते. माझे चार ठरले आहेत : पाणी कधी येते आणि किती वेळ टिकते, रात्री शौचालयाची किल्ली कोणाकडे असते, संध्याकाळनंतर तुम्ही पाणी पिता का, आणि कुंपणाबाहेरच्या गावात हाच नळ कसा चालतो. पाचवा तुम्ही सुचवा. विशेषतः ज्यांनी संक्रमण शिबिरांत किंवा पुनर्वसन वसाहतींत दिवस काढले आहेत, त्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत खाली लिहावे.