एक यशस्वी जलप्रकल्प

अमेरिकेत मराठी माणसाला ढोल वाजवायला जागा मिळते, ठेवायला मिळत नाही. वाजवायला पार्किंग लॉट आहेत, शाळांची मैदानं आहेत, परवानगी काढली तर चक्क रस्ताही आहे. पण मिरवणूक संपली की जो तो आपलं गॅरेज किती लहान आहे ते सांगू लागतो. आमच्या ओहायोतल्या पथकाचे ढोल असेच वर्षानुवर्षं भटकत होते. काही एकाच्या तळघरात, काही दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये, ताशे कुणाच्या तरी पाहुण्यांच्या खोलीत पलंगाखाली. गणपतीच्या आधी ढोल गोळा करणं हाच एक वेगळा सण असायचा. त्यात एका सभासदाची बदली झाली आणि दोन ढोल सामानाबरोबर टेक्सासला गेले. ते तिथल्या पथकात वाजतात म्हणे. सुखी आहेत.

म्हणून कार्यकारिणीने ठराव केला की पथकासाठी बंद कार्गो ट्रेलर घ्यायचा. ढोल, ताशे, झांजा, लेझिमं, झेंडे, फेटे, कुर्ते, सगळं एका जागी. गणपती असो की बृहन्महाराष्ट्र मंडळाचं दर दोन वर्षांनी होणारं अधिवेशन, गाडीला अडकवायचं आणि निघायचं. खरेदीचं काम साहित्यप्रमुखाकडे आलं. साहित्यप्रमुख मी. हे पद निवडणुकीने मिळत नाही, बैठक चालू असताना चहा आणायला बाहेर गेल्याने मिळतं.

ट्रेलर देखणा होता, हे मी आजही मान्य करतो. सहा फूट रुंद, बारा फूट लांब, पांढराशुभ्र, पुढचं नाक वारा कापायला व्ही आकाराचं. मागचं दार खाली पाडलं की त्याचाच उतार होतो, ढोल सरळ आत ढकलता येतात. भिंतींवर एकही स्क्रू दिसत नव्हता, कारण पत्रा आतून चिकटवलेला. वजनाची मर्यादा २,९९० पौंड. ही २,९९०ची भानगड मला फार आवडली. इथल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, म्हणून कंपन्या दहा पौंड खाली थांबतात. बाटाच्या चपलांच्या किमती ठरवणारा माणूस निवृत्त होऊन इकडे आला असावा. नाकावर ट्रेलर उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेचा स्टिकरही होता. दिवे, टायर, जोडणी, वजन, सगळं नियमाप्रमाणे. पाण्याबद्दल स्टिकर काही बोलत नव्हता, पण छप्पर असलेली वस्तू घेताना ते कुणी विचारत नाही.

डीलरच्या आवारातच पूजा झाली. वहिनींनी हळदकुंकू वाहिलं, मी नारळ फोडला. डीलरचा माणूस धावत आला आणि पत्र्यावर उडालेलं नारळाचं पाणी त्याने फडक्याने टिपून घेतलं, डाग पडू नये म्हणून. ट्रेलर आणि पाणी यांच्या संबंधात त्या मंडळींनी दाखवलेली ती पहिली आणि शेवटची काळजी.

जूनमध्ये रात्री वादळ झालं. सकाळी दार उघडलं तर आधी वास आला, भिजलेल्या प्लायवूडचा. मग जमीन चमकताना दिसली. वरच्या फळीवर भगवे झेंडे होते, खालच्या उघड्या खोक्यात पथकाचे पांढरे कुर्ते. रात्रभर पाणी छतातून झेंड्यांवर आणि झेंड्यांतून कुर्त्यांवर ठिबकत होतं. ढोलांच्या फायबरच्या पानांना पाण्याचं सोयरसुतक नसतं, त्यामुळे ढोल वाचले. दोऱ्यांना बुरशी लागली, लेझमांच्या साखळ्या गंजल्या. कुर्ते तीन-तीनदा धुऊन शेवटी सगळे एकसारखे फिके केशरी झाले. पुढे मिरवणुकीत दुसऱ्या पथकाच्या दोघांनी हा रंग कुठे मिळाला म्हणून चौकशी केली, तेव्हा आम्ही दुकानाचं नाव सांगितलं नाही.

डीलरला फोन केला. तो म्हणाला, गळतीचं कारखाना बघतो. कारखान्यातल्या बाई अतिशय गोड होत्या.

"पाणी दिसतंय म्हणजे गळतंयच असं नाही, सर. हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं. आत कुणी राहतं का?"

"नाही."

"श्वासाच्या वाफेनेही होतं."

"आत ढोल आहेत हो."

बाई क्षणभर थांबल्या. "ते ओले असतात का?"

बाष्पाचं सांगत होत्या ते थोतांड नाही. बाहेरचा पत्रा थंडगार आणि आतली हवा उबदार, दमट असली की छताला थेंब धरतात. थंडीत ट्रेलरमध्ये झोपणाऱ्या हौशी लोकांना त्याचा चांगलाच त्रास होतो. पण जूनच्या उकाड्यात, बंद दाराआड, बादलीभर? एवढं बाष्प सोडायला आत सबंध पथक झोपवावं लागलं असतं.

त्यांनी व्हिडिओ मागवला. छतातून पडणाऱ्या थेंबांचा पाठवला. उत्तर आलं, यात पाऊस दिसत नाही. पावसाचा पाठवला. उत्तर आलं, यात ट्रेलरची आतली बाजू दिसत नाही. मग मी रेनकोट घालून बाहेरच्या पावसापासून सुरुवात केली आणि फोन न थांबवता दारातून आत शिरत थेट ठिबकणाऱ्या जागेपर्यंत गेलो. चित्रीकरण म्हणून ते फार वरच्या दर्जाचं होतं. उत्तर आलं, दार उघडं दिसतंय सर, पाणी तिथून आलं असावं.

तेव्हा मी वॉरंटीचा कागद वाचायला घेतला. खालच्या लोखंडी चौकटीला तीन वर्षं हमी होती. जी वस्तू गळूच शकत नाही तिची ही हमी. छताला एक वर्ष. मात्र पाणी पत्र्यातून येत नाही, सांध्यांतून येतं, आणि सांध्यांतलं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारं लुकण, ही 'मालकाने करावयाची देखभाल'. ती मालकाने केली नाही तर निष्काळजीपणा, म्हणून वॉरंटी रद्द. केली तर अनधिकृत दुरुस्ती, म्हणूनही रद्द. छतावरच्या हवेच्या झडपेची जबाबदारी झडपवाल्यांची, दिव्यांची दिवेवाल्यांची, ॲक्सलची ॲक्सलवाल्यांची, टायरची टायरवाल्यांची. मग या कंपनीने स्वतः नेमकं काय बनवलं, याचा मी बराच विचार केला. या सगळ्या वस्तू बसवण्यासाठी पाडलेली भोकं. ती अस्सल त्यांची.

पथकातल्या एका कायदेप्रेमीने १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा काढला. ग्राहकोपयोगी वस्तूला लेखी वॉरंटी दिली की वस्तू मुळात कामाची असेल ही अध्याहृत हमी विक्रेत्याला सरसकट झटकता येत नाही, असं त्यात आहे. आम्ही कलमांसकट ईमेल पाठवली. कारखान्याने कळवलं की ट्रेलर संस्थेच्या नावावर आहे, म्हणजे वापर व्यावसायिक, म्हणजे तुम्ही ग्राहकच नव्हे. मंडळाच्या खजिनदारांना हे वाचून भरून आलं. इतकी वर्षं ताळेबंद मांडून त्यांना मंडळात धंद्याचा मागमूस सापडला नव्हता.

याच सुमारास नाना आले. नाना म्हणजे पथकातल्या एका मुलीचे सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी सुनेच्या घरातले सगळे नळ, बिजागऱ्या आणि डिशवॉशर दुरुस्त करून टाकले होते आणि आता ते घरात सगळ्यांना पाण्याच्या दाबाबद्दल प्रश्न विचारू लागले होते. सुनेने त्यांना आमच्याकडे आणून सोडलं.

नानांनी ट्रेलरला एक प्रदक्षिणा घातली आणि आत डोकावले.

"पाणी आत येतंय?"

"हो ना."

"बाहेर जातंय?"

"नाही. तसंच साठून राहतं."

"मग तक्रार कसली करता? आमच्या खात्यात याला यशस्वी प्रकल्प म्हणतात."

मग त्यांनी बाह्या सरसावल्या. तोवर आमच्याकडे उपायांचा सुकाळ होता. पथकात सॉफ्टवेअरवाले मुबलक. एकाने उष्णता टिपणारा कॅमेरा भाड्याने आणायचं सुचवलं, दुसऱ्याने गळतीची स्प्रेडशीट केली, तीत 'संभाव्यता' नावाचा रकाना होता. कुणीतरी सांगून टाकलं की वरून ताडपत्री टाका आणि विषय मिटवा. हा मला सर्वांत मराठी उपाय वाटला.

नाना म्हणाले, बागेचा पाइप आणा. पाणी खालून वर मारायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्या सांध्यांवरून जातो आणि चोर सापडत नाही. एकेका सांध्यावर दहा मिनिटं थांबायचं, मगच वरच्या सांध्याकडे जायचं. आत एक माणूस बॅटरी घेऊन बसणार, दार बंद. आत बसायला आमचा सर्वांत लहान ताशेवाला तयार झाला, वय वर्षं चौदा. बाहेर आवाज पोचेना म्हणून त्याने ताशा मागून घेतला. थेंब दिसला की एक काडी, धार लागली की तर्री, म्हणजे सलग कडकडाट.

बाहेरून हे दृश्य कसं दिसलं असेल याची मला नंतर कल्पना आली. शनिवारची सकाळ, घरापुढे बंद ट्रेलर, भोवती दहा-बारा भारतीय गंभीर चेहऱ्याने उभे, एक म्हातारे गृहस्थ ट्रेलरवर पाणी मारताहेत आणि आतून कुणीतरी जिवाच्या आकांताने वाजवतंय. समोरचे शेजारी रस्ता ओलांडून आले.

"आत कुणी आहे का?"

"मुलगा आहे," नाना इंग्रजीत म्हणाले. "टेस्टिंग."

शेजारी तसेच उलटे गेले. पोलीस आले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

खालचे सांधे कोरडे निघाले. बाजूचं दार कोरडं. पाणी नाकाच्या वरच्या कडेला पोचलं आणि आतून तर्री झडली. व्ही आकाराचं नाक जिथे छताला मिळतं, तिथे सीलंटची रेघ होती खरी, पण ती सांध्याच्या शेजारून गेली होती. तिथून शिरलेलं पाणी छताखालच्या आडव्या लोखंडी पट्टीवरून चार फूट चालत जायचं आणि बरोबर झेंड्यांवर उतरायचं. म्हणजे महिनाभर आम्ही जिथे वर बघत होतो तिथे काही नव्हतंच. दुसरी तर्री झडपेपाशी. त्या चौदा इंची झडपेला चारही बाजू होत्या आणि सीलंट तीनच बाजूंना. चौथीच्या वेळी बहुधा जेवणाची सुट्टी झाली.

हे अगदीच चेष्टेने म्हणत नाही. हा कारखाना इंडियानात एल्कहार्टच्या पट्ट्यात. अमेरिकेतल्या सुमारे ८० टक्के आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या, त्या भागात बनतात आणि कार्गो ट्रेलरचे कारखानेही तिथे रांगेने आहेत. त्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी मजुरी नगावर असते. नग मोजतात, थेंब कोण मोजणार? सीलंट लावणाऱ्या माणसावर माझा राग नाही. माझा राग त्या रांगेच्या शेवटी पाण्याचा पाइप घेऊन कुणालाही उभं न करणाऱ्यावर आहे.

फोटो पाठवले, तेव्हा कारखाना पहिल्यांदा नरमला. ट्रेलर घेऊन या म्हणाले. चार तास जायचं, चार तास यायचं, स्वखर्चाने, ट्रेलर सहा आठवडे तिथे ठेवायचा आणि पहिली मोकळी तारीख ऑक्टोबरातली. गणपती सप्टेंबरात.

नानांनी तो ईमेल पूर्ण ऐकलाच नाही, ते छतावर चढले होते. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पातीने खरवडलं, अल्कोहोलने पत्रा पुसला, झडप उचकटून तिच्याखाली ब्युटाइलची चिकट रबरी पट्टी घातली, वरून आपोआप पसरणारं छताचं सीलंट ओतलं. आम्ही सिलिकॉन आणून ठेवलं होतं, त्याला त्यांनी हात लावू दिला नाही. सिलिकॉनवर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही. "ते न्हाणीघरात," असं म्हणून त्यांनी नळ्या परत करायला लावल्या. पुढच्या पावसात ताशेवाला पुन्हा आत बसला आणि कंटाळून झोपला.

विसर्जनानंतर, नाना निघायच्या आठवड्यात, कारखान्याकडून एक खोकं आलं. कुरियरवाला ते पायरीवर ठेवून गेला आणि पाठोपाठ मोठी सर येऊन गेली. आत एक पत्र होतं. कोणतीही जबाबदारी मान्य न करता, केवळ सद्भावनेपोटी सोबत सीलंटची एक नळी पाठवत आहोत. कृपया ती अधिकृत डीलरकडूनच लावून घ्यावी, अन्यथा वॉरंटी रद्द होईल.

मी पत्र वाचत होतो. नाना खोकं बघत होते. बाहेरून पुठ्ठा ओला झाला होता. त्यांनी चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला, चारही कडा तपासल्या, मग आत हात घालून तळ चाचपला. कोरडा ठणठणीत.

"हे खोकं कुणी बनवलंय ते बघून ठेव," ते म्हणाले. "पुढचा ट्रेलर त्यांच्याकडून घ्या."