आठ मिनिटं आणि चोवीस वर्षं

गेल्या रविवारी ताईला विमानतळावर सोडायला गेलो, ते मला २२० रुपयांना पडलं. अशा वेळी 'पैशांचं काही नाही हो, पण काही पद्धत असते की नाही' असं म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. मला पैशांचंच वाईट वाटलं.

विमानतळ कुठला ते सोडा. मुलगा ज्या शहरात नोकरीला आहे, तिथला. गाडी आत शिरली की आठ मिनिटं फुकट, मग मीटर सुरू. आता आमच्या घरातला निरोप आठ मिनिटांत कसा बसायचा? नुसतं 'येते रे'च तीनदा होतं. मग वाकून नमस्कार. मग आमच्या हिने विचारायचं, 'आधार कार्ड घेतलं ना?' की ताईने भर रस्त्यात पर्स उपसायची. आधार कार्ड चष्म्याच्या डबीत सापडलं तेव्हा सहा मिनिटं झाली होती आणि कानाशी शिट्टी वाजली.

शिट्टीवाला विशीतला पोरगा. चमकणारं हिरवं जाकीट, अंगापेक्षा दोन मापं मोठं. शिट्टी दातांत धरलेली आणि ती तो काढतच नव्हता. सगळा कारभार शिट्टीतूनच. आखूड शिट्टी म्हणजे 'चला', लांब शिट्टी म्हणजे 'चला म्हटलं ना'. ताई बिचारी घाबरून आत पळाली. तिसरं 'येते' राहूनच गेलं.

मीही निघणारच होतो. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "काऊन रे पोट्ट्या, तोंडात काय धरून राहिला तू?"

परक्या गावात 'काऊन' कानावर पडलं की नागपूरच्या माणसाचा पाय उचलत नाही. वळून पाहिलं. पंचाहत्तरीच्या पुढचे काका, राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं, हातात रिकामी कापडी पिशवी. नातवाला सोडायला आले होते. मुलाची गाडी शिट्टीने केव्हाच हाकलली होती आणि तो बाहेरच्या रस्त्यावर प्रदक्षिणा घालत होता.

"आत जायचं तिकीट कुठं भेटते?" काकांनी विचारलं.

आखूड शिट्टी.

"हो म्हणून राहिला का नाही म्हणून राहिला?"

लांब शिट्टी.

काका माझ्याकडे वळले. "नाही म्हणते वाटते." मग पुन्हा त्याच्याकडे, "बरं, गॅलरी तर असन?"

आता मात्र पोराने शिट्टी काढली. जाकिटाला पुसली, मुठीत धरली आणि अतिशय आदराने म्हणाला, "काका, गॅलरी फोनमध्ये असते."

काकांनी फोन काढला. बटणांचा. पुढून पाहिला, पाठीमागून पाहिला. "याच्यात नाही दिसत बाप्पा."

"मग स्मार्टफोन घ्या ना."

"गॅलरीसाठी?"

"त्यात फोटो राहतात, काका."

"मले फोटो नाही पाहायचा. विमान पाहायचं आहे."

"मग विमानाचा फोटो पाहा ना!"

यावर काकांनाच काय, मलाही उत्तर सुचलं नाही. पोराने शिट्टी परत दातांत बसवली. त्याच्या बाजूने विषय संपला होता.

काकांच्या मते सोनेगावला म्हणजे आमच्या नागपूरच्या विमानतळावर झकास गॅलरी होती. मला गॅलरी काही आठवत नाही. मला कुंपण आठवतं. वर्धा रोडने सायकल दामटत जायचं, तारेला नाक लावायचं आणि पलीकडे इंडियन एअरलाइन्सचं विमान दिसेपर्यंत घाम पुसत उभं राहायचं. पंचेचाळीस अंशांत विमान वेळेवर येत नसे आणि आम्हीही त्याच्यावर रागावत नसू. रागावून जाणार कुठे? १९५३ साली सगळ्या कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि नव्वदीपर्यंत देशातल्या देशात उडायचं तर बहुतेक करून हीच एक दुकानदारी. विमानातून आलेले शेजारचे वकीलसाहेब आठवडाभर तेच सांगत: हवाई सुंदरी ताटलीत गोळ्या आणि कापसाचे बोळे घेऊन फिरते, गोळी चघळायची, बोळा कानात. आम्हा पोरांना बोळा चघळला तर काय होईल याचीच जास्त उत्सुकता.

आमचे वडील डाकेत होते, त्यामुळे सोनेगावचा अभिमान घरात जरा जास्तच. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिचं नाक नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारी दिशांनी रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर आमच्याकडे उतरायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. अख्ख्या देशाची पत्रं आमच्या अंगणात एकमेकांना भेटून जात. त्या विमानांनाही कुणी 'आठ मिनिटं झाली' म्हटलं असेल का? आमच्या ताईचं मात्र एक 'येते' पूर्ण होऊ देत नाहीत.

हे सगळं तेव्हा फार छान होतं असं मी म्हणत नाही. छान असतं तर आम्ही आत असतो. विमानात पहिल्यांदा बसलो तेव्हा मला बेचाळीसावं लागलं होतं आणि तोवर ताटलीही गेली होती, बोळेही गेले होते. १९९९च्या अपहरणानंतर सुरक्षा वाढली, तेही कळतं. बंदूकवाल्याने अडवलं तर माझी काही तक्रार नाही, तो त्याचं काम करतो. पण रस्त्याच्या कडेला बहिणीच्या पाया पडण्यात देशाला काय धोका आहे? तिथे सुरक्षा नाही, तिथे नुसता गल्ला आहे. परत त्याच गल्ल्याच्या डोक्यावर फलक लावतात: आपलं स्वागत आहे.

"आपल्या सोनेगावचं ते बोइंग माहीत आहे का तुले?" काकांनी विचारलं.

माहीत आहे म्हणजे? बोइंग ७२०. १९९१ साली काहीतरी बिघडलं म्हणून नागपूरला उतरलं, ते उतरलंच. धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर उभं. मुलं मोठी झाली, सरकारं बदलली, २००५ साली विमानतळाला बाबासाहेबांचं नाव मिळालं, हा आपला तिथेच, चाकं रोवून. २०१५ साली एकदाचं तिथून हलवलं.

"चोवीस वर्षं!" काका पोराला म्हणाले. "चोवीस वर्षं उभं होतं ते, कोणी शिट्टी नाही मारली त्याले!"

पोराने आखूड शिट्टी मारली. ती मला होती. माझी गाडी तिथेच होती आणि मी घड्याळ पाहिलं तर एकोणीस मिनिटं.

काकांना गाडीत घेतलं, बाहेर मुलगा फिरत होताच. फाटकापाशी पडद्यावर आकडा लागला, २२०. मी पाकीट चाचपत असताना काकांनी खिडकीतून डोकं काढून खिडकीतल्या माणसाला विचारलं, "का हो, आठ मिनिटांच्या वर एवढे, तर चोवीस वर्षांचे किती?" त्याने आधी काकांकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "फास्टॅग आहे का?" मागच्या गाड्यांनी भोंगे सुरू केले.

तेवढ्यात ताईचा फोन. "अरे, बसले बाबा आत. पण दशम्यांचा डबा मागच्या सीटवर राहिला बघ, चटणीचा पण."

मी आरशात पाहिलं. डबा उघडा होता आणि काकांच्या हातात दुसरी दशमी होती.