अँफोटेरिसिनच्या नावानं इतकं घाबरवू नका

तुमच्या लेखात अँफोटेरिसिन-बीला, म्हणजे बुरशीच्या गंभीर संसर्गावरच्या औषधाला, सरसकट ‘मूत्रपिंडाचं विष’ म्हटलंय, ते जरा अती झालं. जुन्या साध्या प्रकाराला ते बरंचसं लागू पडतं. लायपोसोमल प्रकारात (औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत बांधलेलं असतं) त्रास कमी होतो, पूर्ण टळत नाही. हे औषध बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉल या चरबीसारख्या घटकाला चिकटतं आणि आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल त्याचंच भावंड, म्हणून थोडी झळ आपल्यालाही बसते. उपचार चालू असताना रक्तातल्या क्रिएटिनिनइतकंच (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) पोटॅशियम आणि मॅग्नेशियमवर लक्ष हवं, कारण या औषधानं तीही कमी होतात. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही द्या, वर यायला तयार नसतं. (आधी सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, शिरेतून दिल्यानं मूत्रपिंडाला आधार मिळतो, पण औषध सलाइनमध्ये मिसळायचं नाही, डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या, पाण्यातच.)

लेखातला क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणांना होणाऱ्या बुरशीच्या संसर्गाचा, परिच्छेद मात्र जुना वाटला. एचआयव्ही असलेल्या रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्येच नवी पद्धत सुचवली आहे: लायपोसोमल अँफोटेरिसिनचा किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस, सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधं. शिवाय डोक्यातला दाब वाढला असेल तर कमरेतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं औषधाइतकंच गरजेचं, त्याचा तर लेखात उल्लेखच नाही.