"औषधी आहे ना, मग कधीही तोडा आणि उन्हात टाका" – अहो थांबा जरा

या आठवड्यात तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आला. सार एवढंच की औषधी वनस्पती कधीही काढली तरी गुण तेच, कडक उन्हात कुरकुरीत केली की जंतू मरतात, आणि एकदा वाळली की वर्षानुवर्षं टिकते. वर "आयुर्वेदात सांगितलंय" हा शिक्का.

"कधीही काढा" हे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरडा गोळा करणाऱ्या कुणालाही सांगून बघा, हसेल तो. बाळहिरडा म्हणजे आत आठळी धरायच्या आधी काढलेलं कोवळं फळ, वाळलं की काळं कुळकुळीत नि सुरकुतलेलं, फोडलं तर आत बी नाही. तेच फळ झाडावर राहू दिलं की मोठं, पिवळसर होतं, आत टणक आठळी, तो झाला सुरवारी. झाड एकच पण माल दोन, भाव दोन, आणि वैद्यही दोन्ही सरसकट एकासारखे वापरत नाहीत. अश्वगंधा पावसाळ्यात पेरली की पाच-सहा महिन्यांनी, पानं सुकायला लागली आणि फळं लाल झाली की उपटतात, आधी घाई केली तर मुळं पोसलेलीच नसतात.

बरं, आयुर्वेदाचं नाव घेतलंच आहे तर चरकसंहितेच्या कल्पस्थानात कोवळ्या फांद्या-पानं वर्षा आणि वसंतात, मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल-कंद-चीक शरदात असं ऋतूवार दिलंय. म्हणजे "कधीही"च्या बरोब्बर उलट!

उन्हाचं मात्र अर्धं खरं आहे, म्हणूनच हे पसरतं. हिरडा उन्हात वाळतो, अश्वगंधेची मुळंही, काही बिघडत नाही. पण तुळशीचा गुण बराचसा तेलात, ते तेल पानावरच्या बारीक ग्रंथींमध्ये, आणि ते उडून जाणारं. आईने मागच्या मे महिन्यात एक जुडी गच्चीतल्या पत्र्यावर पसरली, दोन दिवसांत कुरकुरीत झाली खरी पण चोळून वास घेतला तर चक्क कडब्याचा. दुसरी मी खोलीत पंख्याखाली ठेवली, तिला चार-पाच दिवस लागले, पण हिरवट राहिली आणि चोळली की लवंगेसारखा झणका येतो (युजेनॉल, लवंगेतही तेच असतं). जंतूंचं म्हणाल तर बुरशी थांबते ती ओलावा गेला म्हणून, ऊन म्हणजे काही ऑटोक्लेव्ह (दवाखान्यातलं वाफेच्या दाबाने जंतू मारणारं यंत्र) नाही. आणि हो, "सावलीतच वाळवा"वाल्यांनो, जुलैत कोंदट खोलीत गोणपाटावर ढीग लावलात तर बुरशीच येणार, आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष काढा उकळल्याने जात नाही. सावली पाहिजे पण वारा खेळता पाहिजे, थर पातळ पाहिजे.

"वर्षानुवर्षं टिकते" याला तर शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्याच जुन्या ग्रंथाने उत्तर दिलंय, वाळलेलं औषध वर्षभरानंतर गुणहीन, चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य. पिंपळी, वावडिंगासारखे मोजके अपवाद, ते जुनेच चांगले. गुळवेल, अडुळसा, शतावरी तर ओलीच वापरा म्हटलंय.

ती पत्र्यावरची तुळस अजून बरणीत आहे. आईला टाकवत नाही म्हणे, चहात घालते आणि वास येत नाही म्हणून दुप्पट घालते.